टोळी आधी की मुकादम?

पोळा झाला की आमच्या नांदूरघाटात ऊसतोडीच्या मुकादमांचे फोन वाजायला लागतात. कोयते किती, कारखाना कोणता, उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती. बीडच्या केज तालुक्यात वाढलेल्या पोराला हे कुणी शिकवत नाही. मुकादमाशिवाय टोळी उभी राहत नाही, आणि ज्याच्या मागे टोळी नाही तो मुकादम कसला? दोघं एकाच बैठकीत जन्माला येतात. त्यांत आधी कोण, हे विचारायची गरज गावात कुणाला पडली नाही.

मला ते विचारलं डेटाबेसने, २००८ साली. तोडणी-वाहतुकीच्या करारांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही पुण्यात बसून लिहीत होतो. टोळीच्या तक्त्यात मुकादमाचा रकाना, तो रिकामा चालणार नाही. मुकादमाच्या तक्त्यात त्याच्या चालू टोळीचा रकाना, तोही रिकामा चालणार नाही. नियम दोन्ही बाजूंनी बरोबर होते. टोळी घालायला गेलो तर डेटाबेस म्हणे, हा मुकादम कुठाय? मुकादम घालायला गेलो तर म्हणे, ही टोळी कुठाय?

मग आम्ही एक खोटा मुकादम केला. नाव ‘तात्पुरता’, क्रमांक १. नवी टोळी आधी त्याच्या नावावर चढवायची, मग खरा मुकादम नोंदवायचा आणि टोळी त्याच्याकडे वळवायची. त्या दिवशी या युक्तीचं मला कौतुकच वाटलं होतं.

या दुखण्यावरचं औषध तेव्हा सोळा वर्षांचं झालं होतं, हे पुढे कळलं. एसक्यूएलच्या १९९२च्या प्रमाणात ‘डिफरेबल’ हा शब्द आहे: नियम कायम, पण तपासणी लगेच नको, व्यवहार (ट्रान्झॅक्शन) पक्का होताना करा. ओरॅकलने आठव्या आवृत्तीत, १९९७ साली ते आणलं. पोस्टग्रेसमध्ये परकीय कळ म्हणजे फॉरेन की आली तीच ७.० मध्ये, २००० साली, आणि येतानाच ही सवलत घेऊन आली. आम्ही होतो मायएसक्यूएलवर. तिथे इनोडीबी हे इंजिन प्रत्येक ओळ घालतानाच तपासतं. थांबण्याची सोय तिथे आजही नाही. तिथल्या लोकांचा रामबाण म्हणजे परकीय कळांची तपासणीच बंद करायची आणि काम झालं की पुन्हा चालू करायची. चालू केल्यावर मधल्या काळात काय घुसलं हे ती मागे वळून बघत नाही. नियम पुढे ढकलणं वेगळं आणि नियमाला झोपवणं वेगळं. आम्ही बरीच वर्षं झोपवतच होतो.

२०१२ला पोस्टग्रेस आणि रेल्स या फ्रेमवर्कवर आलो. आता सुटलो असं वाटलं, पण रेल्सच्या मायग्रेशनमध्ये डिफरेबलसाठी शब्दच नव्हता. (मायग्रेशन म्हणजे तक्त्यांच्या रचनेतले बदल एकामागून एक लिहून ठेवणाऱ्या फायली. बीड जिल्ह्यातल्या माणसाला या शब्दाचा दुसराच अर्थ आधी आठवतो, तो भाग वेगळा.) रेल्सच्या घराण्यात तेव्हा समजूत अशी की नियम अ‍ॅप्लिकेशनने सांभाळावेत, डेटाबेस हे नुसतं कोठार. साधी परकीय कळसुद्धा मूळ रेल्समध्ये ४.२ला, २०१४च्या डिसेंबरात आली. तोवर ती बाहेरच्या जेममधून, म्हणजे जोड-लायब्ररीतून आणावी लागे. डिफरेबल हवं असेल तर मायग्रेशनमध्ये हाताने कच्चं एसक्यूएल लिहायचं. ते रेल्सच्या रचनेच्या फायलीत उतरत नसे, त्यामुळे नव्या माणसाने त्या फायलीवरून आपल्या मशीनवर डेटाबेस उभा केला की नियम साधा होऊन बसे आणि त्याच्याकडेच चाचण्या पडत. यावर उपाय म्हणून रचनेची फाइलच एसक्यूएलमध्ये ठेवायची. आम्ही तेही केलं, आणि दर आठवड्याला त्या फायलीतली भांडणं सोडवली.

खरी गंमत नंबरांची. कारखान्याच्या गाडीतळावर उसाच्या गाड्या नंबराने उभ्या असतात. एका नंबरावर दोन गाड्या चालत नाहीत, म्हणून तो रकाना युनिक. चौदा आणि पंधरा नंबरच्या गाड्यांची अदलाबदल करायची, तर चौदाला पंधरा लिहिताक्षणी डेटाबेस हात धरतो: पंधरा आहे की आधीच. सगळ्यांना एकेक नंबर मागे सरकवायचं म्हटलं तरी तेच. ओळी कोणत्या क्रमाने हाताशी येतात यावर काम पार पडणार की आपटणार हे ठरायचं. म्हणून आम्ही एका गाडीला आधी उणे चौदा करायचो. उणे नंबरची गाडी पडद्यावर क्षणभर दिसली की वजनकाट्यावरचा माणूस फोन करायचा.

पोस्टग्रेसने युनिक नियमालाही थांबायची मुभा ९.० मध्ये, २०१०ला दिली. जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कने ती आपल्या मायग्रेशनमध्ये ३.१ला, २०२०च्या ऑगस्टात घेतली. रेल्सने परकीय कळांसाठी ७.० मध्ये, २०२१च्या शेवटी, आणि युनिक नियमांसाठी ७.१ मध्ये, २०२३ला. एवढा उशीर का? एक कारण अगदी घरगुती आहे. रेल्समध्ये तोवर युनिक म्हणजे युनिक इंडेक्स, आणि इंडेक्सला थांबता येत नाही. थांबतो तो नियम, म्हणजे कन्स्ट्रेंट. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून वर्षानुवर्षं एकावरच भागलं. दुसऱ्यासाठी मायग्रेशनच्या भाषेत नवं क्रियापद घडवावं लागलं.

शेजारच्या टीमचं काम जँगोत होतं. त्यांना परकीय कळांचं हे सुख आधीपासून होतं. जँगो पोस्टग्रेसवर त्या मुळातच ‘शेवटी तपासू’ अशा करतो. पण सुखाची फी असते. त्यांच्या पोराने एकाच मायग्रेशनमध्ये आधी जुन्या टोळ्यांचा डेटा दुरुस्त केला आणि लगेच त्याच तक्त्याची रचना बदलायला घेतली. पोस्टग्रेसने नकार दिला: या तक्त्याची तपासणी अजून बाकी आहे, रचना बदलू देणार नाही. ढकललेला हिशेब वाटेत आडवा आला होता. डेटाचं एक मायग्रेशन आणि रचनेचं दुसरं अशा दोन फायली केल्या, तेव्हा गाडी हलली. एरवीही चूक कुठल्याही ओळीवर होवो, बोंब उठते ती व्यवहार पक्का करताना. मग दोनशे ओळींतली ती एक हुडकत बसा. शिवाय थांबणाऱ्या युनिक नियमाकडे परकीय कळ बोट दाखवू शकत नाही, आणि ‘असेल तर बदल, नसेल तर घाल’ या आज्ञेलाही तो आधार म्हणून चालत नाही. म्हणून मी तो सरसकट लावत नाही. गाडीतळाच्या नंबराला लावला, करार क्रमांकाला नाही. करार क्रमांकांची कधी अदलाबदल होत नाही. तिथे जागच्या जागी अडवलेलंच बरं.

गेल्या वर्षी आम्ही रेल्स ७.१वर आलो आणि सगळं साफ करायला घेतलं. कच्चं एसक्यूएल गेलं, उणे नंबर गेले. टोळी आणि मुकादम आता एकाच व्यवहारात, कुठल्याही क्रमाने नोंदतात. तपासणी शेवटी होते. राहिला होता तो खोटा मुकादम. क्रमांक १ची ओळ काढायची आज्ञा दिली आणि डेटाबेसने परत हात धरला. जुन्या हंगामांतल्या काही टोळ्या खऱ्या मुकादमाकडे वळवायच्या राहूनच गेल्या होत्या. त्या नेमक्या कुणाच्या, हे सांगणारे कागद आता कुठे नाहीत. म्हणून ‘तात्पुरता’ अजून यादीत पहिला आहे. टोळ्या त्याच्या नावावर, उचल शून्य.