शेपटाची ड्यूटी

पहाटे सव्वाचार

रात्री भरून ठेवलेली पिशवी पुन्हा एकदा उघडून बघतो. दोन ट्यूब, तीन लिव्हर, हातपंप, पॅचचं पाकीट, चेन कटर, सुतळी, मीठ-साखरेच्या पुड्या, शेंगदाण्याची चिकी. आज शिवाजीनगर ते भाजे आणि परत, म्हणजे एकशेदहा किलोमीटरच्या आसपास जायचंय. निम्म्याहून जास्त मंडळींची ही पहिलीच लांबची राइड. माझ्याकडे शेपटाचं काम आहे. शेपूट म्हणजे सगळ्यात मागचा गडी. त्याच्या मागे आपल्यातलं कुणी राहता कामा नये, एवढाच नियम.

सव्वापाच

संचेती चौक. सप्टेंबरअखेरचा रविवार. रस्ता ओला आहे, पण पाऊस थांबलाय. पुढे राहणारा भिडू सूचना देतो : हेल्मेटशिवाय कुणी नाही, एकामागे एक चालायचं, खड्डा दिसला की हातानं दाखवायचं. सगळे माना डोलावतात. सांगितल्यापैकी निम्मं दापोडीपर्यंत विसरायचं असतं.

नव्या मंडळींत बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई आहेत. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, त्याची गिअरची सायकल गच्चीत गंजत होती, ती त्यांनी पुसून काढली. सीट बघतो तर चांगली चार बोटं खाली. पाना लावून वर करतो.

"अहो काका, आता पाय टेकत नाहीत जमिनीला!"

"टेकायला नकोतच. पेडल खाली गेल्यावर गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. नाहीतर संध्याकाळी गुडघेच बोलतील तुमच्याशी."

चौकातच दोन फेऱ्या मारून येतात. चेहऱ्यावर नाराजी आहे, पण सायकल सरळ चालते.

सहा

हॅरिस पूल, कासारवाडी, पिंपरी. डोक्यावर मेट्रोचे खांब, आम्ही सर्व्हिस रोडवर. पहिल्या तासात सगळ्यांच्या अंगात वारं शिरलेलं असतं आणि नवखी माणसं तर हमखास ताकदीबाहेर पळतात. हा वेग दुपारी कुठून आणणार, हे त्यांना आत्ता सांगून कळत नाही. मी बारा-पंधरा हात मागे राहून प्रत्येकाच्या पायाकडे बघतो. जड गिअरवर जोर काढणारा कोण, पाणी न पिता चाललेला कोण, हे मागून फार स्वच्छ दिसतं. पुढच्या माणसाला रस्ता दिसतो, शेपटाला माणसं.

निगडीला भक्ती-शक्ती चौकात चिंचवडकडचे चौघे येऊन मिळतात. देहूरोडचा लष्करी भाग ओलांडेपर्यंत उजाडतं.

सव्वासात

सोमाटणे फाटा, तळेगाव, वडगाव. पश्चिमेचा वारा आता थेट तोंडावर. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो, पण थोडा थोडा चढतच असतो. त्यात हा वारा. नवख्या माणसाला वाटतं, आपल्या ब्रेकचं काहीतरी घासतंय. दोघांनी थांबून चाक फिरवूनही बघितलं.

वडगावला पाच मिनिटं थांबतो आणि सगळ्यांना खायला लावतो. भूक नाही म्हणणाऱ्यांना इथलीच गोष्ट सांगतो. जानेवारी १७७९. मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज घाट चढून पुण्याच्या रोखानं आली. बरोबर हजारो बैल, रोजची चाल जेमतेम. कार्ल्याला त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट, आपला 'इष्टूर फाकडा', पडला. तळेगावला पोचले तर मराठ्यांनी गाव जाळून मोकळं केलेलं, रसद मिळायची सोय नाही. मागे फिरले आणि इथे वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजेनं कोंडले. तह करून सुटावं लागलं. त्यांच्या हरण्याची कारणं इतिहासकार पुष्कळ देतात. माझ्या कामाचं एकच आहे, ते म्हणजे खाणं संपल्यावर खाण्याचा विचार करायचा नसतो. ताई अर्धं केळं खातात आणि उरलेलं खिशात ठेवतात. ते अर्धं केळं मी लक्षात ठेवतो.

आठ

कामशेतच्या अलीकडे पंक्चर. कॉलेजातल्या एका पोराचं मागचं चाक. बाकीच्यांना पुढे पाठवलं. एक उत्साही तरुण मदतीला थांबला आणि ताई थांबल्या, कारण त्यांना श्वास घ्यायचा होता.

मागचं चाक काढायचं तर आधी चेन सगळ्यात लहान दात्यावर आणायची. लिव्हर घालून टायरची एक कड सोडवायची, ट्यूब बाहेर ओढायची. नवी ट्यूब लगेच घालायची नाही. आधी टायरच्या आतून बोटं फिरवायची, तीही हळू, कारण जे शोधायचंय ते बोटात घुसतं. अर्धी फेरी झाली आणि सापडलं : तारेचा केसाएवढा तुकडा, नखाच्या निम्म्यानं लांब. फुटलेल्या ट्रकटायरांतल्या या पोलादी तारा महामार्गाच्या कडेला पसरलेल्या असतात आणि आम्हीही कडेनंच चालतो. बाहेरून तो दिसत नाही. तो तसाच ठेवून ट्यूब बदलली की दहा मिनिटांत पुन्हा फुस्स. चिमट्यानं उपटला, नवीन ट्यूबमध्ये थोडी हवा भरून आकार आणला, टायर अंगठ्यांनीच बसवला. मग दोनशे-अडीचशे वेळा हातपंप. एवढा व्यायाम तर चढावरही होत नाही.

नऊ

कार्ला फाटा. उजवीकडे एकवीरेला निघालेल्या गाड्यांची रांग, आम्ही डावीकडे. इंद्रायणीवरचा पूल, मग मळवलीला रेल्वेमार्ग, मग एक्स्प्रेस वे. २००२ पासून तो पूर्ण चालू आहे आणि सायकलला तिथे पहिल्यापासून बंदी आहे. मला तर ती सोयच वाटते. सगळी घाई तिकडे गेली म्हणून जुन्या रस्त्यावर आमच्यासारख्यांना थोडी जागा उरली. थोडीच.

एक्स्प्रेस वे मागे पडला की आवाज बदलतो. दोन्ही बाजूंना भातखाचरं, भात निसवायला लागलाय. समोर विसापूरचा कडा, त्याच्या उजव्या हाताला लोहगड. ताई पहिल्यांदाच मान वर करून बघतात. आतापर्यंत त्यांनी फक्त आपल्या पुढच्या पोराचं मडगार्ड पाहिलं होतं.

साडेनऊ ते अकरा

भाजे. एका घरी आधीच सांगून ठेवलेली पिठलं-भाकरी. राइडचं खरं कारण हेच, असं म्हणणारे आमच्यात बरेच आहेत.

जेवल्यावर पोरांना गायमुख खिंडीचा चढ चढून लोहगडवाडीपर्यंत जायचं होतं. २०२५ च्या जुलैत लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तर हा आग्रह हमखास होतो. पुढच्या भिडूनं साफ नाही म्हणून सांगितलं. त्याऐवजी लेणी बघायला तो सगळ्यांना पायऱ्यांनी घेऊन गेला. मी खाली सायकली राखत बसतो, पण या वेळी ताईंनी ओढून नेलं.

चैत्यगृहाची पिंपळपानी कमान लांबूनच दिसते. आत गेल्यावर मात्र वर बघायचं. छताला लाकडी फासळ्या आहेत, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या, अजून जागच्या जागी. दगडी खांब आतल्या बाजूला कललेले आहेत, कारण कोरणाऱ्यांना लाकडी बांधकामाचीच सवय होती. कल्याण-सोपाऱ्याचा माल बोरघाटातून वर देशावर यायचा, त्या वाटेवर ही भाजे, कार्ले, बेडसे लेणी. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ज्या चढावर 'घाटांचा राजा' ठरतो, तो घाट हाच. ताई दगडी बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "इथेच राहिलं तर चालेल का हो?"

साडेबारा

परतीला वारा पाठीवर आणि उतारही आपल्या बाजूनं. कामशेतपर्यंत सगळे गाणी म्हणत आले. घात होतो तो इथेच : वेग येतो म्हणून जोर किती लागतोय ते कळत नाही, आणि ऊन चढलेलं असतं.

वडगावच्या पुढे ताईंची सायकल रेषेवरून हलायला लागली. चेहरा पांढरा. बोलायचं ते एका शब्दात. सावलीत बसवलं, हेल्मेट काढलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट दिलं, चिकी दिली. खिशातलं अर्धं केळं काळं पडून तसंच होतं. तेही खायला लावलं.

"मला लोकलमध्ये बसवून द्या."

"वीस मिनिटांनी विचारा. तेव्हाही हेच म्हणालात तर स्टेशनवर सोडतो, सायकल टेम्पोनं आणतो."

ही नुसती समजूत नव्हती; टेम्पोवाल्याचा नंबर मी काढूनही ठेवला होता. वीस मिनिटांनी त्या उठल्या, पाणी भरून घेतलं आणि काही न बोलता सायकलीवर बसल्या.

आता शेपूट पुढे. "माझ्या चाकामागे दीड हातावर राहा, वारा मी खातो. फक्त माझ्या मागच्या चाकाला चाक लावू नका." वाटेत त्यांची चौकशी सुरू झाली म्हणजे साखर रक्तात पोचली होती. ब्रेव्हे म्हणजे काय? दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. अमेरिका सायकलनं ओलांडणारे कोण ते? लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ, २०१७ मध्ये दोघांनी ती शर्यत एकट्यानं पुरी केली, बारा दिवसांच्या आत. "एकट्यानं?" सायकलीवर एकट्यानं, मागून गाडी असतेच. त्या गाडीतली माणसंही झोपत नाहीत, पण त्यांना पदक नसतं. हे मी जरा जास्तच जोर देऊन बोललो असेन.

पावणेतीन

संचेती चौक. बाकीची मंडळी कधीच पांगलेली, दोघं चहाला थांबलेले. ताई उतरल्या, दोन पावलं फताडी टाकली आणि सायकल माझ्या हातात देऊन सरळ फुटपाथवर बसल्या. रिक्षा करू का विचारलं तर म्हणाल्या, "आता कर्वेनगरपर्यंतसाठी काय रिक्षा करायची!"

पाच

सगळे घरी पोचल्याचे निरोप येईपर्यंत माझं काम संपत नाही. पंक्चरवाल्या पोराचा सगळ्यात शेवटी आला, तोही त्याच्या आईच्या फोनवरून.

रात्री आठ

त्याची जुनी ट्यूब बादलीत बुडवली. एका जागी बारीक बुडबुडे, हे तारेचं. वीतभर पुढे आणखी एक, आणि तिथे शेजारी शेजारी दोन चिरा. हे लिव्हरचं काम. ट्यूब घाईनं ओढून काढताना कुणी लिव्हर आत खुपसली होती ते मला ठाऊक आहे. पुढच्या रविवारी चाकणला जायचंय. पंक्चर कुणाचंही होवो, चाक त्या उत्साही तरुणाच्याच हातात द्यायचं.