मास्तरांची मास्तरीण

दिवसा कोडिंग, रात्री शिकवणी... आणि विद्यार्थी कोण? चक्क शिक्षक!

शिक्षकांना शिकवणं म्हणजे काय असतं, सांगू? समोरचा प्रत्येक जण तुमच्याकडे दोन नजरांनी बघतो. एक विद्यार्थ्याची, ‘मला हे कळतंय का?’ आणि दुसरी तपासनिसाची, ‘ही बाई नीट शिकवतेय का?’ दुसरी जास्त कडक!

मी राहते न्यू जर्सीत. दिवसा एका कंपनीत कोड लिहिते आणि बुधवारी रात्री मिडवेस्टमधल्या एका ख्रिश्चन विद्यापीठासाठी झूमवर क्लास घेते. कुणी शाळेत गणित शिकवतं, कुणी इतिहास, कुणी शाळेचा बॅण्ड बसवतं. बाकी अभ्यास ज्याच्या त्याच्या सोयीनं. व्हिडिओ बघा, पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहा, रविवारी रात्री बाराच्या आत पाठवा.

पण का बुवा?

कारण कायदा! आर्कान्सा राज्यानं २०१५ साली प्रत्येक सरकारी हायस्कूलमध्ये कम्प्युटर सायन्सचा कोर्स ठेवणं बंधनकारक केलं. इंडियानानं २०१८ साली कायदा करून शाळांना २०२१ पर्यंतची मुदत दिली. इतर राज्यंही मागोमाग आली. ठीक, पण शिकवणार कोण? या विषयाच्या पदवीधराला कंपन्या शाळेपेक्षा कितीतरी जास्त पगार देतात. तो कशाला येतोय खडू हातात घ्यायला? म्हणून आहेत त्याच शिक्षकांना तयार करायचं. छोट्या गावात असा एखादाच शिक्षक मिळतो. तो गळाला, की तिथल्या मुलांचा विषयच गेला!

प्रार्थना आणि पायथॉन

क्लास सुरू होतो तो मिनिटभराच्या प्रार्थनेनं. मी हिंदू, हे सगळ्यांना माहीत आहे. मी तेवढा वेळ शांत बसते. चर्चनं काढलेली इथली कित्येक कॉलेजं मुळात शिक्षक घडवण्यासाठीच सुरू झाली. फक्त पाद्रीच नाही, तर शेतकरी, सुतार, शिक्षक, प्रत्येकाचं काम हे देवाचं बोलावणं, हा मार्टिन ल्यूथरचा विचार तिथे आजही ऐकू येतो.

आणि गंमत बघा. सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनरी शिक्षिका १८२७ साली मुंबईला आली. पुढे तिनं अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा बघून जोतिराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. तिकडून आलेलं थोडंसं परत करतेय, असं मला उगाचच वाटतं!

बॅण्डवाल्या बाई

तिसऱ्या आठवड्यात एका बाईंची मेल आली. ‘मी कोर्स सोडतेय. वर्गातल्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त येतं. मी त्यांच्यासमोर उभी कशी राहू?’ पन्नाशीच्या पुढच्या, वर्षानुवर्षं बॅण्ड शिकवणाऱ्या. त्यांच्या शाळेतून आलेल्या त्या एकट्याच. अडल्या होत्या लूपवर. पाच वेळा फिरायला सांगितलं, तर पायथॉन शून्यापासून चारपर्यंतच का मोजतो?

मी फोन केला. म्हटलं, कम्प्युटर राहू दे. एखादी ओळ परत वाजवायची असेल तर तुम्ही कागदावर कसं लिहिता?

‘दोन उभ्या रेघा आणि दोन ठिपके.’

आणि दुसऱ्या वेळी शेवट वेगळा असेल तर?

‘वर कंस करून एक आणि दोन लिहिते. पहिल्या खेपेला पहिला शेवट, दुसऱ्या खेपेला दुसरा...’ मग थोडा वेळ फोनवर शांतता. ‘म्हणजे हा लूप, आणि त्याच्या आत इफ?’

बाई, तुम्ही आयुष्यभर प्रोग्रॅमच लिहिताय!

नंतर त्याच म्हणाल्या, ‘मी पहिल्याच दिवशी मुलांना धून रचायला सांगत नाही. आधी दुसऱ्याची वाजवायला लावते.’ अगदी बरोबर! कोडचंही तसंच. आधी वाचायचा, काय होईल याचा अंदाज करायचा, मग चालवून बघायचा. मी ‘पार्सन्स प्रॉब्लेम’ देते तेही याचसाठी. बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी उलटसुलट करून द्यायच्या आणि क्रमानं लावायला सांगायचं. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली ही युक्ती मांडली. कोरी स्क्रीन बघून पोटात गोळा येणाऱ्यांसाठी एकदम बेस्ट!

चॅटजीपीटी आहे की!

हा प्रश्न हल्ली हमखास येतो. मशीन कोड लिहून देतं, मग शिकायचं कशाला? उत्तर दिलं आमच्या इतिहासाच्या सरांनी. ‘मी मुलांना जुना कागद खरा की बनावट, हे तपासायला शिकवतो. मशीननं दिलेला कोडही तसाच तपासायला शिकवीन.’ मला यापेक्षा चांगलं उत्तर सुचलं नसतं.

बॅण्डवाल्या बाई? राहिल्या. कोर्स पूर्ण केला आणि त्यांच्या शाळेच्या टाइमटेबलात कम्प्युटर सायन्सचा तास लागला. पहिल्या बॅचला नऊ मुलं. त्यातल्या तीन बॅण्डमधल्या!

आता तुमचा नंबर

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडेही सहावीपासून कोडिंगची भाषा सुरू झाली. एसीएम इंडियानं २०१६ पासून ‘सीएस पाठशाला’ हा उपक्रम चालवलाय. पण गावातल्या शाळेतल्या बाईंच्या पोटातला गोळा तोच आहे. हिंजवडीत नाही तर ऐरोलीत बसून तुम्ही दिवसभर जे सहज करता, ते एखाद्या शिक्षकाला शनिवारी तासभर समजावून बघा. फक्त लॅपटॉप उघडायच्या आधी एवढं विचारा, ‘सर, तुम्ही काय शिकवता?’ धागा तिथेच सापडतो.