लंपी, देवी आणि लस : पशुपालकाशी बोलण्याची भाषा

कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे नगर–सोलापूर मार्गावरील गाव अवर्षणप्रवण प्रदेशात मोडते. अशा प्रदेशात पीक बुडाले तरी दुधाचा पैसा घर चालवितो. म्हणूनच तेथे गाय दगावणे म्हणजे संसाराचा आधार तुटणे होय. २०२२ साली महाराष्ट्रात लंपी चर्मरोगाची मोठी साथ आली, तेव्हा आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचीही बरीच हानी झाली. शासनाने लस मोफत टोचली. तथापि लस मोफत असणे आणि ती मनाला पटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रथम रोगाच्या नावाचाच विचार करू. ‘लंपी’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ ‘गाठाळ’ असा आहे. हे नाव रोगाचे दृश्य लक्षण सांगते, कारण सांगत नाही. रोगाचा विषाणू मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्याद्वारे एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. ‘गाठी’ हेच नाव कानी पडल्यावर गाठी दिसेपर्यंत थांबावे असे वाटते. लस मात्र गाठी येण्यापूर्वीच टोचावी लागते.

दुसरी शंका लसीच्या नावातून उद्भवते. त्या साथीत गायीबैलांना शेळ्यांच्या देवीची लस देण्यात आली. ‘शेळीचे औषध गायीला कसे लागू पडेल?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. लंपी आणि शेळ्यांची देवी यांचे विषाणू एकाच कुळातील निकटचे आप्त आहेत; एकाशी झुंजण्यास शिकलेले शरीर दुसऱ्यालाही ओळखते, हे त्याचे उत्तर. याचे एक जुने उदाहरण आहे. १७९६ मध्ये जेन्नरने गायीच्या देवीच्या लसीने मनुष्याला देवीपासून वाचविता येते, हे दाखविले. १८०२ मध्ये ती लस मुंबईत पोहोचली, आणि पुढे मराठीत ‘देवी काढणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. ‘व्हॅक्सिन’ हा शब्दही गाय या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून बनलेला आहे. एके काळी गायीने माणसाला तारले. आता शेळीने गायीला तारावे, यात विपरीत काही नाही.

तिसरी शंका सर्वांत घातक होय. लस टोचल्यावर आठवड्याभरात एखादी गाय आजारी पडली, की लसीनेच घात केला अशी वदंता गोठ्यागोठ्यांतून पसरते. वस्तुतः लशीचे पुरेसे संरक्षण निर्माण होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, आणि रोगाची लागण होऊनही लक्षणे काही दिवस, कधी काही आठवडे दिसत नाहीत. लागण आधीच झालेली असेल, तर गाठी टोचणीनंतर उमटू शकतात. टोचलेल्या जागी थोडी सूज येणे किंवा दूध काही दिवस कमी होणे हेही संभवते. हे आधी सांगितले तर ती सूचना ठरते. नंतर सांगितले तर सबब वाटते.

यावरून पत्रकाची भाषा कशी असावी हे स्पष्ट होते. ‘लसीकरण करून घ्या’ हा आदेश पुरेसा नाही. माशी उठण्यापूर्वी टोचा. तीन आठवडे गोठा स्वच्छ ठेवा, गोचीड काढा. आजारी जनावर वेगळे बांधा व त्याला लस देऊ नका. हा रोग माणसाला होत नाही, ही चार वाक्ये अधिक काम करतील. पशुपालकाची शंका हा प्रचारातील अडथळा न मानता त्याचा आरंभ मानला, तरच लस वेळेवर गोठ्यापर्यंत पोहोचेल.