परदेशचा संगणक आणि आपली वीज

आमचे चिरंजीव गेल्या वर्षीं अमेरिकेहून कवठे महांकाळास आले, ते दोन वस्तू घेऊन : एक लॅपटॉप व एक लेझर प्रिंटर. लॅपटॉप बिनतक्रार चालूं लागला. प्रिंटर मात्र बटण दाबतांच फट्कन आवाज करून निमाला व घरभर जळका वास पसरला. माझीं संस्कृत टिपणें त्यावर छापावयाचीं होतीं!

चूक सर्वस्वी माझी. पिना चपट्या, त्या आपल्या सॉकेटांत बसेनात. म्हणून बाजारांतून अ‍ॅडॉप्टर पिन आणून लावली आणि समजलों कीं काम झालें. परंतु वाचकहो, ती पिन आकार जुळविते. विजेचा दाब उतरवीत नाहीं. अमेरिकेंत घरगुती दाब १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. छपाईची भुकटी कागदावर वितळवून बसविणाऱ्या त्या तापकावर साडेतीनपटींहून अधिक भार पडला.

लॅपटॉप कां वाचला? त्याच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट असें छापलेलें होतें. प्रिंटरवर नुसतें १२०. टेबलावरील जुन्या संगणकांच्या पाठीस पुष्कळदां ११५ व २३० असा लहान खटका असतो. वीज जोडण्यापूर्वीं तो २३० कडे आहे ना, हें पाहावें. नुसत्या १२० च्या वस्तूस दाब उतरविणारा ट्रान्स्फॉर्मर लागतो, आणि तोहि वस्तूच्या वॉटांहून मोठा. लेझर प्रिंटरास पुरेल असा ट्रान्स्फॉर्मर म्हणजे चांगलेंच धूड. त्यापेक्षां प्रिंटर इकडेच घ्यावा.

"अण्णा, मागची पट्टी वाचली नाहीं का?" चिरंजीवांनीं विचारलें. जन्मभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून बजावणारा मी काय बोलणार! टिपणें अखेर पेठेंतल्या झेरॉक्सच्या दुकानांतून छापून आणलीं.