शून्य वॉर्निंगचा हट्ट

बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर. जुलैत पावसाची झड लागली की हेंद्रेपाडा, वालिवलीकडची माणसं या दोन आकड्यांवर नजर ठेवून असतात. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेव्हा या आकड्यांचं महत्त्व साऱ्या राज्याला कळलं. मधलं एक मीटर म्हणजे सामान माळ्यावर चढवायला, गाडी उंचावर नेऊन लावायला मिळणारा वेळ. लिहिलेल्या कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपाइलरची वॉर्निंग याच मीटरभरात असते. एरर आली तर प्रोग्राम तयारच होत नाही, तिथे वाद संपला. वॉर्निंग आली तरी प्रोग्राम तयार होतो, चालतो, बहुतेक वेळा उत्तरही बरोबर देतो. कंपाइलर एवढंच विचारतो, की लिहिलंय ते नियमात बसतं, पण तुला हेच म्हणायचं होतं का? पंचाईत अशी, की नदी पावसाळ्यातून मोजक्या वेळा इशारा पातळी ओलांडते आणि कंपाइलर मात्र उठताबसता हाच प्रश्न विचारतो.

कल्याणच्या पुढे घर आणि ऐरोली-महाप्याला नोकरी असणाऱ्या कितीतरी सॉफ्टवेअरवाल्यांचं पहिलं शिक्षण कॉलेजच्या लॅबमध्ये, टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर झालं. तुलनेसाठी बरोबरची दोन चिन्हं हवीत तिथे एकच टाकलं, तर टर्बो सी ‘पॉसिब्ली इनकरेक्ट असाइनमेंट’ अशी वॉर्निंग द्यायचा. पण जर्नलवर सही मिळायची ती आउटपुट पाहून. त्यातून जो धडा मिळायचा तो पुढे नोकरीतही टिकतो: ‘एरर नाही ना? मग चालू दे.’ दहा-पंधरा वर्षं चाललेल्या एखाद्या प्रकल्पाचं बिल्ड पाहावं. पडद्यावरून ओळी भराभर वर सरकत असतात. कुठे न वापरलेलं व्हेरिएबल, कुठे जुनं ठरलेलं फंक्शन, कुठे ऋण आणि बिनऋण संख्यांची तुलना. त्या गर्दीत आज सकाळी लिहिलेल्या कोडची एक ओळ असते, जिथे ६४ बिटांची संख्या ३२ बिटांत कोंबली गेली आहे. ती कुणालाच दिसत नाही, आणि यात आळसाचा भाग थोडाच आहे. तीन हजार वॉर्निंग आणि तीन हजार एक यांतला फरक माणसाच्या डोळ्याला कळतच नाही. वॉर्निंगची किंमत तिच्या मजकुरावर कमी आणि तिच्या शेजारी किती जणी उभ्या आहेत यावर जास्त ठरते. म्हणून शून्य वॉर्निंगचा आग्रह हा टापटिपीचा नाही. शून्य असेल तरच एक दिसते.

ती एक किती महागात पडू शकते याचा दाखला ॲपलने २०१४ च्या फेब्रुवारीत दिला. सुरक्षित जोडणी करताना समोरच्या सर्व्हरची सही तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ दोनदा पडली होती. पहिली अटीखाली होती, दुसरी अटीच्या बाहेर. तिच्यामुळे पुढची खरी तपासणी कधी चालायचीच नाही, आणि तोवर चूक नोंदलेली नसल्याने निकाल ‘सगळं ठीक’ असाच यायचा. ज्या ओळींपर्यंत प्रोग्राम कधी पोचणार नाही त्या दाखवून देणारी वॉर्निंग क्लँग या कंपाइलरमध्ये होती. मात्र ‘डब्ल्यू-ऑल’ या नेहमीच्या पर्यायात ती धरलेली नव्हती, वेगळी मागावी लागे. (नावात ‘ऑल’ असलेल्या पर्यायात सगळ्या वॉर्निंग नसतात, हा या धंद्यातला जुना विनोद आहे.) जीसीसी या दुसऱ्या कंपाइलरच्या २०१६ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीने फसव्या मांडणीसाठी स्वतंत्र वॉर्निंग आणली आणि ती मात्र ‘डब्ल्यू-ऑल’मध्ये घातली.

यावर अनुभवी माणसांचा आक्षेप असतो, की कंपाइलर खोटंही बोलतो. खरं आहे. ‘हे व्हेरिएबल किंमत न देता वापरलं जाऊ शकतं’ ही जीसीसीची वॉर्निंग त्यासाठी बदनामच आहे. दोन अटी एकमेकींशी बांधलेल्या आहेत हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, कंपाइलरला कळतंच असं नाही. शिवाय ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली की हीच वॉर्निंग उगवते किंवा मावळते. मग वैतागून माणूस त्या व्हेरिएबलला शून्य देऊन टाकतो. वॉर्निंग जाते, पण उद्या एखादी फांदी खरोखर विसरली गेली तर ते सांगणारंही कुणी उरत नाही. तोंड बंद करण्याचा सगळ्यात वाईट परिणाम डेबियन या लिनक्स प्रणालीने पाहिला. २००६ साली तिथल्या ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीतल्या दोन ओळी काढल्या गेल्या, कारण व्हॅलग्रिंड हे तपासणीचं साधन न भरलेल्या मेमरीबद्दल तक्रार करत होतं. व्हॅलग्रिंड कंपाइलर नव्हे, पण दुखणं तेच. त्यांतल्या एका ओळीतून यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा साठा येत होता. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे फार तर ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघड होईपर्यंत डेबियन आणि उबुंटूवर असंख्य कमकुवत किल्ल्या तयार झाल्या होत्या. शून्याच्या हट्टाविरुद्ध हा सगळ्यात जड पुरावा आहे आणि मी तो टाळणार नाही. पण तिथे वॉर्निंगला उत्तर मिळालं नव्हतं, ती नुसती दिसेनाशी केली होती. मला अभिप्रेत असलेलं शून्य वेगळं आहे. वॉर्निंग खोटी वाटली तर ती त्या एका जागेपुरती बंद करायची, शेजारी कारण लिहायचं आणि ते कारण रिव्ह्यूत दुसऱ्याला पटलं पाहिजे.

मग प्रत्येक वॉर्निंगची एररच का करू नये? गो भाषेने बव्हंशी तेच केलं: न वापरलेलं व्हेरिएबल राहिलं तर प्रोग्राम बनतच नाही. कोऱ्या पाटीवर हे जमतं. सप्टेंबर २०२१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या सगळ्या बिल्डसाठी ‘डब्ल्यू-एरर’, म्हणजे वॉर्निंगला एरर मानणारा पर्याय, चालू केला. पण जगभर वेगवेगळे कंपाइलर आणि वेगवेगळी यंत्रं असतात, बिल्ड कोसळू लागली, आणि काही दिवसांतच ती सक्ती चाचणीच्या बिल्डपुरती ठेवावी लागली. मला ती तडजोड योग्य वाटते. कंपाइलरची आवृत्ती जिथे आपल्या हातात आहे, त्या आपल्या सर्व्हरवर सक्ती हवी. कोड दुसऱ्याच्या हाती गेला, की नव्या कंपाइलरच्या नव्या शंकेपायी त्याचं काम अडवण्यात अर्थ नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. संध्याकाळी ऐरोलीहून ठाणे गाठून बदलापूर गाडीत शिरायचं असणाऱ्याला तीन हजार जुन्या वॉर्निंग निस्तरा म्हणणं हा अन्याय आहे, आणि घाईत निस्तरल्या तर डेबियनची पुनरावृत्ती. जुन्या ढिगाला हात लावूच नये. आजचा आकडा नोंदवून ठेवावा, त्यात भर घालणारा बदल स्वीकारू नये, आणि ज्या फाइलमध्ये काही कारणाने काम निघेल तेवढीच साफ करावी. आकडा सावकाश उतरतो, पण उतरतो. कंपाइलर लिहिणारेही असेच सबुरीने चालतात. घोषित न केलेलं फंक्शन वापरण्याची सवलत सी भाषेने १९९९ च्या मानकात काढून टाकली. जीसीसीने मात्र ती चूक कितीतरी वर्षं वॉर्निंगवरच सोडून दिली आणि २०२४ मध्ये, चौदाव्या आवृत्तीत, तिची एरर केली. तेव्हा ज्यांची बिल्ड अडली, त्यांना आपल्या लॉगमध्ये ती ओळ आधीपासून होती हे शोधल्यावर सापडलं असतं.