पहिली पाळी आणि हॅम्लेट

पहाटे पाच. चहाला उकळी येईपर्यंत कालच्या ओळी मोठ्याने म्हणून घेतो. मी दूरस्थ शिक्षणातून इंग्रजीत बी.ए. करतोय. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे शेक्सपिअर आधी तोंडात बसवावा लागतो, मग डोक्यात शिरतो.

सहाच्या सुमारास पालघर स्टेशन. डहाणूकडची गाडी, मध्ये फक्त उमरोळी, की बोईसर आलंच. तेवढ्यात इयरफोनवर जेवढा ऐकून होईल तेवढा प्रवेश. पुढे शेअर रिक्षाने तारापूर एमआयडीसी.

सातला पाळी बदलते. प्लांटमध्ये मोबाईल नेता येत नाही, सॉल्व्हंटच्या वाफेजवळ ठिणगी नको. म्हणून उतारा कागदावर लिहून खिशात ठेवतो. हॅम्लेटचा पहिला प्रवेश मला उलगडला तो इथेच. मध्यरात्री एल्सिनोरच्या तटावर पहारा बदलतोय. कोण आहे, हे खरं तर उभ्या पहारेकऱ्याने विचारायचं. इथे विचारतो त्याला सोडवायला आलेला. भुताचं नावही अजून निघालेलं नाही, पण काहीतरी बिनसलंय हे कळून चुकतं. आमच्याकडेही रिलीव्हरने दारातूनच ‘काय झालं?’ विचारलं, की रात्रपाळीत काहीतरी घडलंय हे सगळ्यांना समजतं. सुटणारा फ्रान्सिस्को आभार मानतो, थंडी कडाक्याची आहे म्हणतो, मन उदास असल्याचंही सांगतो. कारण सांगत नाही, आणि पुढे नाटकभर तो पुन्हा दिसत नाही. गाइडवाले हा प्रवेश ‘वातावरणनिर्मिती’ म्हणून एका ओळीत उरकतात. मला ते अजिबात पटत नाही. रात्रभर एकट्याने जागणाऱ्या माणसाचं सगळं ओझं त्या चार वाक्यांत आहे.

तीनला सुट्टी. घर, जेवण, झोप.

संध्याकाळी सातला इंग्रजी प्रतीशेजारी आगरकरांचं ‘विकारविलसित’ उघडतो. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. हॅम्लेटच्या भाषांतराचं काम आगरकरांनी तिथे केलं. १८८३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कोठडीत बसून माणूस हे नाटक मराठीत आणतो, मग वर्गाबाहेर राहून ते शिकणं मला अवघड का वाटावं?

आठला ऑनलाइन वर्ग. बाई पात्रं वाटून वाचून घेतात. आज फ्रान्सिस्को माझ्याकडे होता. फोनवर समोरच्याचा आवाज जरा उशिरा पोचतो. दोन पहारेकरी अंधारात एकमेकांचा अंदाज घेतायत, असंच ते ऐकू येतं. बाईंनी तो प्रवेश पुन्हा वाचायला लावला.

साडेनऊला उद्याचा उतारा कागदावर उतरवतो.

घरी बसून इंग्रजी शिकणाऱ्यांनी परीक्षेआधी गाइड खुशाल वाचावं, पण त्याच्याही आधी नाटक हातात घ्यावं आणि मोठ्याने वाचावं. हॅम्लेट हे शेक्सपिअरचं सर्वांत मोठं नाटक. रोज एक पान वाचलं तरी वर्षाच्या आत संपतं.