जुन्या मोटारींतील थंडावा

भर वैशाखांत येलदरीच्या धरणाकडे निघालेली जुनी दोन आसनांची शर्यती घाटाची मोटार वाटेंतच ऊन वारा सोडूं लागली, तर दोष कोठें शोधावा? वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. तें आंतील उष्णता उचलून बाहेर टाकतें. पाहणीहि त्याच वाटेनें करावी. कॉम्प्रेसरचा पट्टा सैल आहे काय? कळ दाबतांच त्याचा क्लच पकडतो काय? पुढील कंडेन्सरच्या जाळींत धूळ साचली आहे काय? धांवत्या गाडींत मिळणारा थंडावा गाडी थांबतांच नाहींसा होत असेल, तर त्याचा पंखा तपासावा. हें सर्व ठीक असल्यास वायु गळाल्याचा संशय घ्यावा. सांध्यावरील तेलकट डाग बहुधा गळतीची जागा दाखवितो. ती न बुजवितां वायु भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय.

१९९० पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत आर-१२ वायु असे. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें तो बंद होत गेला. त्याच्या जागीं आर-१३४ ए घालतांना यंत्रांतील जुनें तेल व ड्रायरहि बदलावा लागतो. मात्र नळीचा सांधा घरीं कधींहि सोडूं नये. दाबाखालील द्रव डोळ्यांत उडाल्यास दृष्टि जाण्याचें भय असतें. तें काम जाणत्या कारागिराचेंच.